‘कीड आहे / कीड नाही’ एवढ्यावर थांबू नका: मराठवाड्याच्या आरोग्य यंत्रणेला खुलं पत्र

प्रति,
मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांचे जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक आणि शालेय आरोग्य तपासणीची आखणी करणारे राज्य पातळीवरचे अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. तपासणी पथकाची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. पथकात दोन वैद्यकीय अधिकारी, एक औषधनिर्माता आणि एक एएनएम सिस्टर असतात, आणि तपासायच्या आजारांच्या यादीत दातही आहेत. हे काम मोलाचं आहे. जन्मतः हृदयदोष असलेली, कमी ऐकू येणारी मुलं या पथकांमुळे उपचारापर्यंत पोचतात. दातांच्या बाबतीत मात्र सगळं एका खुणेवर येऊन थांबतं: कीड ‘आहे’ किंवा ‘नाही’. ‘आहे’ असेल तर पालकांच्या हाती संदर्भ चिठ्ठी, ‘नाही’ असेल तर पुढच्या वर्षी पुन्हा तीच खूण.

आम्ही मराठवाड्यात दातांचं काम करणारी माणसं आहोत. ‘आहे’ची खूण झालेलं मूल आमच्यापर्यंत येतं तेव्हा बहुतेक वेळा दाढ आतल्या शिरेपर्यंत पोखरलेली असते, गाल सुजलेला असतो आणि दात काढण्यापलीकडे फारसं काही हातात नसतं. ‘नाही’ची खूण झालेलं मूल दोनेक वर्षांनी त्याच अवस्थेत येतं. दोघांच्याही बाबतीत उपचाराला उशीर झालेला असतो आणि तो उशीर फॉर्मवरच ठरून गेलेला असतो. म्हणून हे पत्र.

आमचं म्हणणं असं की भोक पडलं आहे का, हा प्रश्न पुरेसा नाही. या तोंडात येत्या वर्षभरात भोक पडण्याचा धोका किती, हे प्रत्येक मुलाच्या नावापुढे लिहिलं गेलं पाहिजे. ते लिहिता येतं. जगात त्यासाठी तयार पद्धती आहेत: अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातली ‘कॅम्ब्रा’, स्वीडनमधल्या माल्मोची ‘कॅरिओग्राम’, बालदंतवैद्यांचे वयानुसार वेगळे फॉर्म. त्यांचे तपशील वेगळे असले तरी सगळ्या पद्धती तीनच गोष्टी तपासतात. आजाराच्या खुणा दिसतात का, आजाराला पोसणारं काय काय आहे आणि दाताला वाचवणारं काय आहे.

भोक हा या आजाराचा उशिराचा टप्पा आहे. दातावर साचलेल्या थरातले जंतू साखरेपासून आम्ल करतात. तोंडातला पीएच (आम्लता मोजणारा आकडा; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधली, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण आवरणातली, खनिजं सुटू लागतात. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच हे घडतं आणि लाळेला पुन्हा समतोल साधायला अर्धा ते एक तास लागतो. असं दिवसातून सात-आठ वेळा होऊ लागलं की दुरुस्तीला वेळच उरत नाही. आधी हिरडीलगत खडूसारखी पांढरी, कोरडी रेघ उमटते. वरचा पृष्ठभाग अजून शाबूत असतो, आतून दात पोकळ होऊ लागलेला असतो. याच टप्प्यावर फ्लोराइड आणि लाळ मिळून दात पुन्हा घट्ट करू शकतात. भोक पडल्यावर ते जमत नाही. आणि ही पांढरी रेघ असलेलं मूल आजच्या फॉर्मवर ‘नाही’च्या रकान्यात जातं, कारण ओल्या दातावर ती पटकन दिसतच नाही. ज्या मुलावर सर्वांत स्वस्त उपाय सर्वांत जास्त लागू पडतो, तेच मूल आपण निरोगी म्हणून घरी पाठवतो. या पद्धतीवरचा आमचा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे.

कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीसाठी कृषी विभागानेच शेतकऱ्यांना कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग पकडणारे) लावायला शिकवलं. सलग तीन दिवस सापळ्यात रोज आठ पतंग आले की उपाय करायचा, बोंड किडेपर्यंत थांबायचं नाही, हे इथल्या शेतकऱ्याला पाठ आहे. त्याच्या मुलाच्या दातांसाठी असा इशारा देणारी व्यवस्था आपल्याकडे नाही.

दुसरा आक्षेप बघण्याच्या रीतीवर आहे. ‘आ कर’ म्हणायचं, वरवर बॅटरी मारायची आणि पुढचं मूल घ्यायचं, एवढ्याने पांढरी रेघ सापडत नाही. योग्य रीत अवघड नाही. मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर आई आणि सिस्टर समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसतात. मुलाचे पाय आईच्या कमरेला, डोकं सिस्टरच्या मांडीवर; हात आई धरते. वरचा ओठ बोटाने उचलायचा. बाटली तोंडात घेऊन झोपणाऱ्या मुलाची कीड वरच्या पटाशीच्या दातांवर, हिरडीच्या कडेला सुरू होते. खालचे पुढचे दात जिभेमुळे आणि लाळेमुळे बहुधा वाचतात. मग गॉजचा तुकडा बोटाला गुंडाळून दात पुसायचे. थर निघाला की दात कोरडा करायचा, पाच सेकंद थांबायचं आणि उजेड तिरपा टाकून बघायचं. कोरड्या दातावरच दिसते ती रेघ सुरुवातीची, ओल्या दातावरही दिसते ती पुढे गेलेली. मोठ्या मुलात आरशाने दाढांच्या खाचा आणि गालाकडची बाजू बघायची.

टोकदार अणकुचीने दात टोचून ‘अडकते का’ बघण्याची जुनी सवय कृपया बंद करा. पांढऱ्या रेघेवर टोचलं की वरचा शाबूत थर तुटतो आणि जे भरून आलं असतं तिथे आपणच भोक पाडतो. खडबडीतपणा बघायचाच असेल तर टोकाला गोळी असलेली अणकुची अलगद फिरवावी. पथकाच्या पेटीत तोंडाचा आरसा, डोक्याला लावायची बॅटरी आणि गॉज एवढं असलं तरी हे काम होतं. आरसे प्रत्येक मुलागणिक निर्जंतुक हवेत, म्हणजे एका दिवसाच्या तपासणीला पुरतील इतके हवेत.

नजरेने बघून झालं की पालकांना विचारायचं. पाच मिनिटं पुरतात, फक्त प्रश्न नेमके हवेत. ‘गोड खातो का?’ या प्रश्नाला सगळेच ‘थोडं’ म्हणतात. त्यापेक्षा कालचा दिवस विचारा: उठल्यावर काय, शाळेत जाताना काय, सुटीत दुकानातून काय, झोपताना काय. चहा किती वेळा, त्यात बिस्कीट किंवा टोस्ट बुडवून खाल्लं का. प्रमाणापेक्षा किती वेळा आणि किती चिकट, हे महत्त्वाचं. स्वीडनमध्ये व्हिपेहोम इथे १९४५ ते १९५३ या काळात झालेल्या अभ्यासात हेच दिसलं, जेवणाबरोबरच्या साखरेपेक्षा दोन जेवणांच्या मधल्या चिकट गोडाने कीड कितीतरी जास्त वाढली. (त्या अभ्यासात बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या रुग्णालयातल्या लोकांना मुद्दाम गोड खायला घातलं गेलं, आज असा अभ्यास कुणी करू नये, पण मिळालेली माहिती खरी आहे.) रात्री दूध पाजताना साखर घालता का? खोकल्याचं किंवा फिट्सचं गोड सिरप रोज चालू आहे का? आईच्या किंवा मोठ्या भावंडाच्या दातांना कीड आहे का? गेल्या तीन वर्षांत दात भरला किंवा काढला आहे का? पुढे कीड होण्याचा सर्वांत भरवशाचा इशारा म्हणजे आधी झालेली कीड. दात कशाने घासता, राखुंडीने, मशेरीने, मंजनाने की पेस्टने, आणि लहान मुलाचे दात घासतं कोण? सहा-सात वर्षांपर्यंत मुलाच्या हाताला ते नीट जमत नाही, मोठ्या माणसानेच घासून द्यावं लागतं.

यातून तीन गट पडतात. भोक, पांढरी रेघ किंवा अलीकडे भरलेला-काढलेला दात, यांपैकी काहीही असेल तर धोका जास्त. दिव्यांग मूल, ज्याला स्वतः तोंड साफ ठेवता येत नाही, तेही याच गटात. खूण नाही पण मधल्या वेळचं गोड वारंवार, पेस्टमध्ये फ्लोराइड नाही, आईचे दात किडलेले, असं दोन-तीन ठिकाणी ‘हो’ आलं तर धोका मध्यम. बाकीचे कमी. जास्त धोक्याचं मूल तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं, मध्यम सहा महिन्यांनी, कमी वर्षाने. आज शाळेतल्या सगळ्या मुलांना वर्षातून एकदा हा एकच नियम आहे. त्यात कमी धोक्याच्या मुलाचं नुकसान होत नाही. जास्त धोक्याच्या मुलाची दाढ मात्र त्या बारा महिन्यांत जाते.

आता पाण्याबद्दल, कारण इथे मराठवाड्याचा प्रश्न इतरांपेक्षा गुंतागुंतीचा आहे आणि तो मुंबई-पुण्याच्या साच्यातून सुटणार नाही. नांदेड जिल्ह्यातल्या किनवट भागासारख्या काही पट्ट्यांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ते योग्य, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालतं. त्याहून जास्त पाणी लहानपणी वर्षानुवर्षं प्यायलं की दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात, यालाच फ्लोरोसिस म्हणतात. तपासणीत हे डाग ‘कीड’ म्हणून लिहिले जातात, आणि उलटंही होतं: डागाळलेले दात म्हणून खरी कीड सुटते. फरक ओळखता येतो. फ्लोराइडचे डाग डावी-उजवीकडे सारखेच असतात, दातावर आडव्या अस्पष्ट रेषा दिसतात, कडा ठळक नसतात. किडीची पांढरी रेघ हिरडीच्या वळणाने जाते, चंद्रकोरीसारखी, आणि तिच्यावर बहुधा थर साचलेला असतो. फ्लोरोसिसने खड्डे पडलेल्या दातालाही कीड लागते, म्हणून डाग आहेत म्हणून दात सुरक्षित आहे असं समजू नये.

त्यात आता गावोगावी विकतच्या फिल्टर पाण्याचे जार आले आहेत. आरओ यंत्र पाण्यातलं बहुतेक फ्लोराइड काढून टाकतं. म्हणजे एकाच गावात जारचं पाणी पिणारं घर आणि हातपंपाचं पिणारं घर यांचा धोका वेगळा. उन्हाळ्यात टँकर सुरू झाला की तोही बदलतो. गावाचा एक आकडा धरून सल्ला देणं चुकीचं आहे. ‘घरात प्यायला कुठलं पाणी, उन्हाळ्यात कुठलं’ हा प्रश्न फॉर्मवर हवाच. पाणी तपासणीचे अहवाल पाणीपुरवठा विभागाकडे असतात, ते तपासणी पथकाच्या हाती नसतात. ते द्यावेत.

फ्लोराइडच्या भीतीने काही घरांत पेस्टच बदलली जाते, किंवा फ्लोराइड नसलेली पेस्ट मुद्दाम आणली जाते. जास्त फ्लोराइडच्या गावात फ्लोराइडच्या गोळ्या देऊ नयेत, पाण्याचा स्रोत बदलावा, हे बरोबर. पण दातावर वरून लागणारी पेस्ट गिळली नाही तर तिथेही उपयोगाचीच आहे. आपल्याकडे पेस्टमध्ये १००० पीपीएमपर्यंतच (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइड ठेवता येतं आणि ते ट्यूबवर छापावं लागतं. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. आशा ताईंना ही मापं सांगितली तर त्या घराघरात पोचवतील.

तिसरा आक्षेप ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांबद्दल आहे. बीड, जालना, परभणी, धाराशिवमधली कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत फडावरच असतात. लहान मुलं बरोबर जातात. शाळेतली तपासणी त्या महिन्यांत आली तर ही मुलं हजेरीपटावर असतात, वर्गात नसतात. ही मुलं एका तपासणीतून सुटली, तर आधीच्या आणि पुढच्या तपासणीत दोन वर्षांचं अंतर पडतं. ज्या मुलांचा धोका आधीच जास्त, तीच नेमकी हुकतात.

चौथा, संदर्भ चिठ्ठीबद्दल. चिठ्ठीवर कोणता दात, किती वाईट, किती घाईचं, काहीच नसतं. आईवडिलांनी एक दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला किंवा जिल्ह्याला जावं, तर तिथे दातांचे डॉक्टर त्या दिवशी आहेत का, हेही माहीत नसतं. शासकीय दंत महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरला; किनवटच्या मुलासाठी ते मराठवाड्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. त्यात ‘दुधाचा दात आहे, पडणारच आहे’ हे घरोघरी मान्य आहे. दुधाची मागची दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात लागते आणि तिच्याच मागे सहाव्या वर्षी कायमची पहिली दाढ येते. ती येताना कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते आणि खाचांमधून ती सर्वांत आधी किडते. पहिलीच्या वर्गात ही दाढ शोधणं हे तपासणीचं एक ठरलेलं काम असलं पाहिजे.

उपाय गाडीतच नेता येतात. ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं वार्निश, म्हणजे दातावर लावायचा चिकट लेप: दुधाचे दात असलेल्या मुलाला ०.२५ मिलिलिटर, दुधाचे-कायमचे मिश्र असतील तर ०.४ पर्यंत. म्हणजे १० मिलिलिटरच्या एका ट्यूबमध्ये अंगणवाडीतली चाळीस मुलं होतात. दात गॉजने पुसून ब्रशने पातळ लावायचं, लाळ लागली की ते घट्ट होतं. त्या दिवशी कडक-गरम खायचं नाही आणि ब्रश दुसऱ्या दिवशी सकाळी. दात दिवसभर पिवळट दिसतात, हे आईला आधीच सांगावं, नाहीतर दुसऱ्या वेळी ती मुलाला पाठवणार नाही. तोंडात फोड-व्रण असतील किंवा राळेची ॲलर्जी असेल तर लावायचं नाही.

भोक पडलेल्या पण न दुखणाऱ्या दातांसाठी ३८ टक्के सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड आहे. भूल नको, यंत्र नको. दात कोरडा करून एक थेंब सूक्ष्म ब्रशने लावायचा. एका थेंबात चार-पाच दात होतात आणि सहा महिन्यांनी पुन्हा लावलं तर कीड थांबण्याची शक्यता वाढते. किडलेला भाग कायमचा काळा पडतो, म्हणून पालकांना फोटो दाखवून संमती घ्यायची, आणि ओठाला आधी व्हॅसलीन लावायचं, नाहीतर कातडीवर काही दिवस डाग राहतो. रात्री ठणकणारा, सुजलेला किंवा पू असलेला दात याने बरा होत नाही, तो पुढेच पाठवावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हे औषध, फ्लोराइड पेस्ट आणि दात भरायचं ग्लास आयोनोमर सिमेंट आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं आहे. शाळेच्या बाकावर दात पूर्ण कोरडा ठेवता येत नाही, म्हणून सहाव्या वर्षीच्या दाढेच्या खाचा बुजवायला रेझिनपेक्षा (प्लॅस्टिकसारख्या भरावापेक्षा) हेच सिमेंट बरं: खाचेत भरायचं आणि व्हॅसलीन लावलेल्या बोटाने दाबून धरायचं.

मोठ्यांबद्दल थोडक्यात. असंसर्गजन्य आजारांच्या दवाखान्यात मधुमेह आणि रक्तदाबाचे रुग्ण दर महिन्याला येतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी आणि नैराश्याच्या औषधांनी लाळ आटते, हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडलेलं असतं आणि मुळाला एनॅमलपेक्षा कमी आम्लही पुरतं. तासभर काही न खाता-पिता पाच मिनिटं लाळ मापाच्या कपात गोळा करायची; अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी भरली तर तोंड खरोखर कोरडं आहे. खर्च एका कपाचा. कर्करोगासाठी मानेला-तोंडाला किरणोपचार सुरू होण्याआधी दातांची तपासणी झालीच पाहिजे. किरणांनी लाळग्रंथी सुकल्यावर काही महिन्यांत सगळे दात हिरडीपाशी किडू शकतात, आणि त्या जबड्यातला दात नंतर काढणं हाड सडण्याच्या दृष्टीने धोक्याचं असतं.

म्हणून आमच्या मागण्या:

१. तपासणी फॉर्मवर ‘आहे / नाही’च्या जागी जास्त, मध्यम, कमी असा धोका, त्याचं कारण आणि पुढच्या भेटीचा महिना लिहिला जावा. पांढरी रेघ, भोक, फ्लोरोसिसचे डाग यांचे तीन वेगळे रकाने असावेत.

२. पथकाच्या पेटीत पुरेसे आरसे, डोक्याची बॅटरी, गॉज, वार्निश, सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड आणि ग्लास आयोनोमर सिमेंट असावं. टोकदार अणकुची काढून टाकावी. वार्निश लावण्याची परवानगी आणि लेखी कार्यपद्धती सिस्टरना द्यावी. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड आणि सिमेंटसाठी पथकाबरोबर महिन्यातून ठरलेल्या दिवशी दंतवैद्य असावा.

३. ऊसतोडीला जाणाऱ्या गावांची तपासणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पूर्ण व्हावी आणि मुलं परतल्यावर एप्रिलमध्ये दुसरी. निघण्याआधी जास्त धोक्याच्या प्रत्येक मुलाला वार्निश लागलेलं असावं आणि नोंदीचं कार्ड पालकांच्या हाती असावं, म्हणजे कारखान्याच्या भागातला दवाखानाही ते वाचू शकेल.

४. गावनिहाय पाण्यातल्या फ्लोराइडचे आकडे दर वर्षी पथकाला मिळावेत.

५. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात दातांचे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते चिठ्ठीवरच छापावं. दात कोणता आणि घाई किती, हेही.

६. गरोदरपणाच्या तपासणीत आईच्या दातांचा धोका नोंदवावा. बाळाचा पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो, लसीकरणाच्या भेटींमध्ये ओठ उचलून बघण्याची सूचना सिस्टरना द्यावी.

अंगणवाडीतला गोड खाऊ बंद करा, असं आम्ही म्हणत नाही. कुपोषित मुलाच्या पोटात अन्न जाणं आधी महत्त्वाचं. तो खाऊ ठरलेल्या वेळी, जेवणासारखा एका बैठकीत द्यावा आणि नंतर मुलांना चूळ भरायला लावावी, एवढंच पुरे.

एका पानाचा फॉर्म, पांढरी रेघ आणि फ्लोरोसिस यांतला फरक दाखवणारे छायाचित्रांचे तक्ते आणि पथकांसाठी एक दिवसाचं प्रशिक्षण, हे आम्ही कोणतंही मानधन न घेता करून द्यायला तयार आहोत. सुरुवात एका तालुक्यापासून करा; येत्या गळीत हंगामाआधी करा. तालुका कोणता आणि तारीख कोणती, हे जाहीरपणे कळवावं, ही विनंती.

आपले,
मराठवाड्यातले दंतवैद्य